मागचा कॅलिपर जाम झालाय? पिस्टन काढण्याआधी हे बघा

गाडी थांबल्यावर मागचं एकच चाक तापलेलं असतं, जळका वास येतो, त्या बाजूच्या रिमवर काळी पूड जास्त बसते. ब्रेक धरून राहिलाय एवढं यावरून कळतं, पण तो का धरतोय ते कळत नाही. आणि बहुतेक लोक तिथूनच थेट कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) पिस्टन काढायला घेतात.

जाम होऊ शकतील अशा मुख्य जागा चार आहेत: गाईड पिन (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या), पिस्टन (पॅडला ढकलणारा), हँडब्रेकची केबल किंवा लिव्हर, आणि रबरी होस (ब्रेक ऑइल आणणारी नळी). रिपेअर किटमध्ये साधारणपणे पिस्टनची सील आणि बूट (पाणी-धूळ अडवणारं रबरी आवरण) असतात, म्हणजे चारातल्या एकाच दुखण्याचं औषध. म्हणून आधी नेमकी जागा शोधा. इथे लिहितोय ते एका पिस्टनच्या, सरकणाऱ्या आणि मागे हँडब्रेकचा लिव्हर असलेल्या कॅलिपरबद्दल. हँडब्रेक बटणाचा, म्हणजे इलेक्ट्रिक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय पिस्टनला हात लावू नका. जोर लावून मागे ढकललात तर मोटरचे गिअर तुटतात.

सपाट जागा घ्या. काम मागच्या चाकाचं असल्यामुळे हँडब्रेक सोडावाच लागतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी मारा. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर काम नको.

आता चाक हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर कॅलिपरच्या लिव्हरमधून हँडब्रेकची केबल काढा. चाक मोकळं झालं तर केबल आत गंजलीय किंवा जास्त ताणून बसवलीय. केबल काढूनही लिव्हर स्वतःच्या स्टॉपवर परत जात नसेल तर लिव्हरचा शाफ्ट कॅलिपरमध्ये अडकलाय. लिव्हर नीट असूनही चाक अडतंय? मग ब्लीडिंग निपलवर (हवा काढायचा कॅलिपरवरचा छोटा स्क्रू) नळी लावा, तिचं टोक बाटलीत सोडा आणि निपल अर्धा फेरा सैल करा. ऑइल जोरात बाहेर येऊन चाक सुटलं तर प्रेशर आत कोंडलं होतं. होस आतून फुगली की ती एका बाजूच्या व्हॉल्व्हसारखी वागते: पायाच्या जोराने ऑइल आत ढकललं जातं, पण पाय काढल्यावर परत येत नाही. बाहेरून अशी होस अगदी धडधाकट दिसते. निपल सैल करूनही चाक सुटलं नाही, तर दोष पिन, पिस्टन किंवा पॅडच्या क्लिपांखालच्या गंजात आहे.

निपल सोडवताना सहा बाजूंचा सॉकेट वापरा, साधा पाना कडा खातो. गंजलेला असेल तर आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि पाना लावण्याआधी हातोडीने हलकं ठोका. निपल तुटला की घरचं काम तिथेच थांबतं.

कॅलिपर सोडवल्यावर तो होसवर लोंबकळू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. दोन्ही पिन एकेक करून ओढून बघा. बोटाने सरकली पाहिजे. अडकलेली पिन पान्याने मागे-पुढे फिरवत बाहेर काढा, पिन आणि भोक दोन्ही साफ करा, खड्डे पडले असतील तर पिन बदला. बऱ्याच कॅलिपरमध्ये दोन पिना वेगळ्या असतात, एकीवर रबरी स्लीव्ह असते. अदलाबदल करू नका. ग्रीस सिलिकॉनचं, पातळ थर. भोक ग्रीसने भरलं तर आत कोंडलेली हवा पिनला बाहेर ढकलत राहते आणि पॅड डिस्कला घासत राहतो. साधं व्हील-बेअरिंगचं ग्रीस नकोच, त्याने रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन पुन्हा अडकते.

ब्रॅकेटवरच्या (पॅड ज्यात बसतात ती चौकट) स्टीलच्या क्लिपा काढून त्यांच्याखालचा गंजही खरवडा. क्लिपखाली गंज फुगला की पॅडचे कान आवळले जातात, आणि पिन-पिस्टन ठणठणीत असूनही ब्रेक धरून राहतो. हा गंज न काढता वरून नवे पॅड हातोडीने ठोकून बसवलेले असतात. पॅड हाताने सरकला पाहिजे.

पिस्टनच अडकला असेल तर त्याचं मूळ सहसा फाटलेल्या बुटात सापडतं. पाणी आत जातं आणि पिस्टनचा बाहेर आलेला भाग गंजतो. पॅड झिजलेले असतात तोवर काही जाणवत नाही. नवे पॅड टाकताना पिस्टन मागे जातो, तो गंजलेला पट्टा सीलमध्ये शिरतो, आणि काही दिवसांत कॅलिपर जाम. दोष मग नव्या पॅडवर येतो.

होस सोडण्याआधी ब्रेक पेडल थोडं दाबून काठीने तसंच अडकवून ठेवा, म्हणजे ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल गळत राहत नाही. (ब्रेक लाइट चालू राहतात, तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.) हा पिस्टन स्क्रूवर बसलेला असतो, तो फिरवून बाहेर काढायचा. पकडीने ओढू नका, बाजू खरवडते. बाहेर आल्यावर सील घासते त्या भागावर नख फिरवा. नख अडकलं तर नवा पिस्टन. नुसते डाग असतील तर हजार नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच पुसा.

खरी मेहनत सीलच्या खाचेत आहे. जुनी सील लाकडी काडीने उचला आणि खाचेच्या तळाशी बघा: तिथे कडक पांढुरका किंवा तपकिरी थर असतो. पिस्टन मागे खेचणारी वेगळी स्प्रिंग नसते. ब्रेक दाबल्यावर चौकोनी सील किंचित वाकते आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मागे आणते. खाचेतला थर सीलला मागून दाबतो, मग तिला वाकायला जागाच उरत नाही. नवी सील टाकूनही ब्रेक धरतो तो यामुळे. थर खरवडायला प्लॅस्टिक किंवा पितळ घ्या, स्टील नको. धुवायला ब्रेक क्लीनर. पेट्रोल, डिझेल, रॉकेल लागलं की सील फुगते.

सील नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा. पिस्टन वाइंड-बॅक टूलने फिरवत आत न्या, बहुतेक घड्याळाच्या दिशेने. सी-क्लॅम्पने दाबलात तर आतली यंत्रणा मोडते. शेवटी पिस्टनच्या तोंडावरची खाच आतल्या पॅडच्या मागच्या उंचवट्यासमोर आणा, नाहीतर पॅड तिरका बसतो. डावा-उजवा कॅलिपर बदलत असाल तर निपल वरच्या बाजूला येतो ना ते बघा. तो खाली आला तर हवा कधीच पूर्ण निघत नाही.

होसच्या बोल्टला दोन नवे तांब्याचे वॉशर लावा. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते, म्हणून वर्षभर उघडी पडलेली बाटली वापरू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. हवा काढताना जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा पंप) न वापरलेल्या भागातला गंज त्याची सील कापतो. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

हँडब्रेकची केबल सर्वांत शेवटी. आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, मग केबल जोडा, आणि हँडब्रेक सोडलेला असताना लिव्हर स्टॉपला टेकलेला आहे याची खात्री करा. किंचित जरी उचललेला राहिला तर आपोआप ॲडजस्ट होणं बंद पडतं. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून, शक्य तितका कमी ब्रेक लावत थांबा आणि दोन्ही मागच्या चाकांजवळ हात धरून बघा, डिस्कला न लावता. तेच चाक अजून जास्त तापत असेल तर होसची परीक्षा पुन्हा एकदा करा, या वेळी ब्रेक पाच-सहा वेळा दाबून लगेच.