मेपल सिरपची बिअर: चव जाते कुठे?

घरच्या बिअरमध्ये मेपल सिरप (मेपल झाडाच्या रसाचा पाक) घालणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: बाटलीभर महागडं सिरप ओतलं, पण चवीला काहीच लागलं नाही. लागणार कसं? सिरपमध्ये वजनाच्या ६६-६७ टक्के साखर, आणि तीही जवळजवळ सगळी सुक्रोज. यीस्ट ती पार फस्त करतं. मागे राहते ती थोडी लाकडासारखी, कोरडी चव. म्हणून गोडवा माल्टकडून (मोड आणून वाळवलेल्या धान्याकडून) घ्यायचा आणि सिरपकडून फक्त वास. तो वास टिकतो की उडतो, हे सिरप कधी घातलं यावर ठरतं.

(हे अमेरिका-कॅनडातल्या मंडळींसाठी. महाराष्ट्रात विनापरवाना घरी बिअर करणं गुन्हा आहे.)

सिरप गडद घ्या. आता व्हरमाँट काय, क्यूबेक काय, दुकानातल्या सगळ्याच बाटल्यांवर 'ग्रेड ए' असतं. बघायचा तो पुढचा शब्द. 'गोल्डन' धिरड्यावर छान, बिअरमध्ये हरवतं. 'व्हेरी डार्क' काकवीच्या वळणाचं, तेच हवं. 'पॅनकेक सिरप' मात्र नको. ते बहुधा रंग-वास घातलेलं कॉर्न सिरप असतं आणि त्यातलं सॉर्बेट किंवा बेंझोएट यीस्टला त्रास देतं.

२० लिटर ब्राऊन पोर्टरसाठी (गडद इंग्लिश बिअरसाठी): पेल माल्ट ४ किलो, मध्यम क्रिस्टल माल्ट ४०० ग्रॅम, चॉकलेट माल्ट २०० ग्रॅम. मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६८ अंश सेल्सिअसवर, म्हणजे अंगात थोडा भरीवपणा राहील. सिरप बिअर पातळ करतं, त्याची ही भरपाई. हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) २५ आयबीयूच्या, म्हणजे कडूपणाच्या एककांच्या आत, तेही उकळीच्या सुरुवातीलाच. उशिरा घातलेले सुवासिक हॉप्स मेपलला गिळून टाकतात. यीस्ट इंग्लिश एल प्रकारचं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखरेनं वाढते) १.०४७ च्या आसपास येते.

सिरप १ किलो, म्हणजे साधारण ७५० मिली. त्यानं ग्रॅव्हिटी १२ अंकांनी (म्हणजे ०.०१२ ने) आणि अल्कोहोल दीड टक्क्याहून थोडं जास्त वाढतं. एकूण सुमारे ६ टक्के. उकळत्या वर्टमध्ये (अजून न आंबलेल्या माल्टच्या गोड पाण्यात) घातलं तर वास आधी वाफेबरोबर आणि मग जोरात निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबरोबर जातो. शिवाय सुरुवातीलाच भरपूर साधी साखर मिळाली, तर यीस्ट माल्टोजकडे, म्हणजे माल्टमधल्या साखरेकडे, आळसानं बघतं. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी, फेस बसायला लागला आणि हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायचं उपकरण) १.०२० च्या जवळ आला, की घाला. सीलबंद बाटली उकळायची गरज नाही. उघडलेली असेल तर ७० अंशांवर दहा मिनिटं ठेवून गार करा.

ओतताना सिरपची जाड तार सरळ तळाला जाऊन बसते. तशीच वरून मोजणी केली तर ग्रॅव्हिटी हललेलीच दिसत नाही आणि माणूस आणखी सिरप ओततो. निर्जंतुक केलेल्या लांब चमच्यानं तळापासून हळू ढवळा. खळखळाट केला तर हवा मिसळते. मग तीन दिवस आकडा स्थिर राहीपर्यंत बाटलीकडे वळायचं नाही.

प्रायमिंगलाही (बाटलीत गॅस व्हावा म्हणून भरताना साखर घालायलाही) सिरप चालतं, पण वजन करूनच. बिअर २० अंशांवर असेल आणि कार्बोनेशन २.४ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या २.४ पट गॅस) हवं असेल, तर २० लिटरला सुमारे १८० ग्रॅम पुरतं. 'एक कप' म्हटलं की तेच ३२० ग्रॅम होतं, कार्बोनेशन साडेतीनच्या घरात जातं आणि बाटल्या फेसाळतात, फुटूही शकतात.

खरा मेपलचा गोडवा ग्लासात हवाच असेल, तर सोपा उपाय म्हणजे केग (दाब सहन करणारं धातूचं पिंप). बिअर ४ अंशांच्या खाली आणून सिरप घाला, बाहेरून गॅस द्या आणि शेवटच्या ग्लासापर्यंत थंडच ठेवा. केग गरम झालं की यीस्ट जागं होतं, आणि दाब वाढतो.

आता आपल्या घरातलं हुकमी पान: मेथी. मेपलच्या वासातलं सोटोलोन हे संयुग मेथीदाण्यातही असतं. नकली मेपल इसेन्समध्ये मेथीचा अर्क वापरतात तो त्यामुळेच. १० ग्रॅम दाणे मंद आचेवर हलके भाजून भरडा, १०० मिली व्होडकात तीन दिवस ठेवा, गाळा. दाणे करपले तर हा अर्क कडूच होणार. थेट फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) ओतू नका, नाहीतर पोर्टरला आमटीचा वास येईल. आधी १०० मिली बिअरमध्ये थेंबथेंब टाकून चाखा. दोन थेंब आवडले तर २० लिटरला चारशे, म्हणजे साधारण २० मिली. त्यातले आधी १५च घाला.