पॅसिफिकमधलं बेट करायचंय? मग वानुआतूला जा

पॅसिफिकमधल्या बेटावर जायचं म्हटलं की आपली लोकं एकतर फिजी म्हणतात नाहीतर थेट बोरा बोरा. आम्ही ऑकलंडला राहतो, त्यामुळे भारतातून कोणी यायचं ठरलं की हमखास मला विचारतात, आणि मी दरवेळी वानुआतू सांगते, छोट्या छोट्या बेटांचा देश आहे हा. निळं पाणी काय कुठेही मिळेल हो, पण जिवंत ज्वालामुखीच्या तोंडाशी उभं राहायला कुठे मिळतंय?

तान्ना नावाचं बेट आहे, त्यावर माउंट यासुर. उंची फक्त 361 मीटर, जीप जवळजवळ वरपर्यंत जाते, वाटेत काळ्या राखेचं मैदान लागतं, शेवटी थोडंसंच चालायचं. उजेड असेपर्यंत नुसता धूर दिसतो आणि वाटतं की एवढंच का. अंधार पडू द्या. पायाखाली हादरा बसतो, मग छातीत घुमेल असा आवाज आणि लालभडक दगड वर उडतात, तिथे क्षणभर थांबल्यासारखे वाटतात आणि आतल्या उतारावर पडून हळूहळू काळे पडत जातात. काही मिनिटांनी परत तेच. 1774 मध्ये कॅप्टन कुक इथे आला तो हा उजेड बघूनच. धोक्याची पातळी सरकारी खातं ठरवतं, ती वाढली की वर सोडत नाहीत, तेव्हा अजिबात हट्ट करू नका.

आता खाणं. लापलाप म्हणजे सुरणासारखे कंद किंवा कच्ची केळी किसून, त्यात नारळाचं दूध घालून, पानात गुंडाळून तापलेल्या दगडांवर भाजायचं. पान उघडल्यावर जो वास येतो ना, कोकणातल्या माणसाला थेट पातोळ्यांची आठवण होईल. बरेचदा आत चिकन किंवा मासे असतात, पण शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, करून देतात. राजधानी पोर्ट व्हिलाच्या मार्केटमध्ये फुलाफुलांचे झगे घातलेल्या बायका अळकुड्या, रताळी, पपनसं घेऊन बसलेल्या असतात, आणि हो, घासाघीस करू नका, तिथे तशी पद्धत नाही.

सांतो बेटावर डायव्हिंगवाले जातात, 1942 मध्ये अमेरिकेचं प्रेसिडेंट कूलिज हे जहाज आपल्याच सैन्याने पेरलेल्या सुरुंगांवर आदळून तिथे बुडालं, ते किनाऱ्याच्या अगदी जवळ आहे. डायव्हिंग येत नसेल तर ब्लू होलमध्ये, म्हणजे निळ्याशार पाण्याच्या नैसर्गिक कुंडात पोहा, गोड पाणी आणि काचेसारखं स्वच्छ. एप्रिल ते जून जमत असेल तर पेंटेकॉस्ट बेटावरचं नाघोल बघा, पायाला वेली बांधून पुरुष लाकडी मनोऱ्यावरून उडी मारतात, बंजी जंपिंगची प्रेरणा हीच. वेलींमध्ये पुरेसा ओलावा आणि ताण याच दिवसांत असतो म्हणून एरवी करत नाहीत. 1974 मध्ये ब्रिटनच्या राणीसाठी फेब्रुवारीतच उड्या मारायला लावल्या, वेली तुटल्या आणि एक माणूस गेला.

पण मला सगळ्यात जास्त कौतुक आहे ते माणसांचं. लोकसंख्या साधारण 3 लाख आणि भाषा शंभरावर! 1980 पर्यंत ब्रिटन आणि फ्रान्स दोघांचं मिळून राज्य होतं, तरी या भाषा टिकल्या. 2015 ला पाम चक्रीवादळ, डिसेंबर 2024 ला राजधानीत 7.3 चा भूकंप, तरी ही माणसं रडत बसली नाहीत. क्लायमेट चेंजचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेण्याची कल्पना पोर्ट व्हिलात लॉ शिकणाऱ्या मुलांची, 2019 ची, आणि जुलै 2025 मध्ये न्यायालयाने सांगितलं की हवामान जपणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. एवढ्याशा देशाने हे करून दाखवलं, मला खरंच अभिमान वाटतो. अशा ठिकाणी आपले पैसे गावकऱ्यांच्या साध्या गेस्टहाउसला, तिथल्याच गाइडकडे गेले तर किती चांगलं.

स्वस्त नाहीये हे आधीच सांगते, बेटांमधली विमानं महाग आणि बेभरवशाची. भारतातून थेट फ्लाइट नाही, ऑस्ट्रेलियातून जात असाल तर ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघा. मे ते ऑक्टोबर बरा, नंतर वादळांचा सीझन. तान्नाला रोख वातू (तिथलं चलन) घेऊन जा, राखेसाठी मास्क आणि गॉगल, वर गार वारा असतो म्हणून जॅकेट, आणि यासुरसाठी दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा, एक पावसात गेली तरी दुसरी हातात राहते.