आमची वाटचाल : ताट, लाटणं आणि दोन खुर्च्या

आमच्या ऑफिसात शिरलं की समोरच्या भिंतीवर विमानाचा फोटो दिसत नाही, स्टीलचं एक ताट दिसतं. पालक आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. २०१३ च्या जूनमध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका गच्चीवरच्या खोलीत आम्ही वैमानिकांचे ग्राउंड क्लासेस, म्हणजे जमिनीवर बसून शिकायचे वर्ग, सुरू केले, तेव्हा सामान म्हणजे एक फळा, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हे ताट आणि आईचं जुनं लाटणं. डाव्या हातात ताट, ते कंट्रोल व्हील. उजव्या हातात लाटणं, ते थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पॉवर कमी-जास्त करायचा दांडा. पायाशी दोन विटा, त्या रडर पेडल, म्हणजे शेपटीचं सुकाणू फिरवणारी. डोळे मिटायचे आणि इंजिन सुरू करण्यापासून लँडिंगपर्यंतची अख्खी सॉर्टी, म्हणजे एक पूर्ण फेरी, मोठ्याने बोलत 'उडवायची'. शेजारच्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं की इथे नाटकाच्या तालमी चालतात.

मुहूर्त मात्र असा काढला होता की विचारू नका. आदल्याच वर्षी देशातली एक मोठी विमान कंपनी बंद पडली होती. लायसन्स हातात आणि नोकरी नाही, अशी मुलं घरी बसली होती. आणि आम्ही नवीन मुलं गोळा करायला निघालो होतो! पहिल्या बॅचला चार जण आले.

त्याआधी सहा वर्षं मी राज्यातल्या छोट्या धावपट्ट्यांवर प्रशिक्षक होते. विमान बहुतेक वेळा सेसना १५२. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतात, डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे आपण. टेक-ऑफला पूर्ण पॉवर दिली की पंख्याच्या परिणामामुळे विमानाचं नाक डावीकडे पळतं आणि ते उजव्या पायाने धरून ठेवावं लागतं. त्या सहा वर्षांत मी 'राइट रडर' हे दोन शब्द जितक्या वेळा उच्चारले तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा उच्चारलं नसेल. झोपेतही म्हणायचे, असं आमचे हे सांगतात.

पण खरी परीक्षा लँडिंगची, आणि ती दोघांची. विद्यार्थी साधारण साठ नॉट वेगाने खाली येत असतो. जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर नाक अलगद उचलायचं, त्याला फ्लेअर म्हणतात. नव्या मुलाची नजर नाकासमोरच्या डांबरावर खिळते. जमीन अंगावर धावून येते असं वाटतं, तो दचकून व्हील ओढतो आणि विमान फुग्यासारखं पुन्हा वर उठतं. तिथे वेग संपत आलेला असतो. नजर धावपट्टीच्या पार टोकाला ठेव, हे फळ्यावर शंभरदा सांगितलेलं त्या क्षणी कुठच्या कुठे जातं.

आणि उजवीकडे बसलेल्या माणसाचं काय? माझे हात मांडीवर. ते लवकर पुढे गेले तर पोरगं शिकत नाही, उशिरा गेले तर विमान आपटतं. मधला अवकाश दोन-तीन सेकंदांचा. माझ्याकडून दोन्ही चुका झाल्या आहेत. बार्शीकडचा एक मुलगा होता, त्याचं विमान जरा हललं की मी 'आय हॅव कंट्रोल' म्हणून व्हील हातात घ्यायचे. त्याचा सोलो, म्हणजे पहिलं एकट्याने उड्डाण, महिनाभर लांबला आणि तो स्वतःलाच मंद समजू लागला. चूक माझ्या हातांची होती. त्यातून धडा घेऊन पुढच्या मुलाला मी जास्तच सैल सोडलं, तर विमान इतकं जोरात आपटलं की हार्ड लँडिंगच्या तपासणीसाठी तीन दिवस हँगरमध्ये राहिलं. ते तीन दिवस बाकीची मुलं बाकावर बसून होती. त्यांच्या नजरा मला अजून आठवतात.

कारण बाकावर बसणं हे या शिक्षणातलं सगळ्यात महागडं काम. कमर्शियल लायसन्सला किमान २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० तास स्वतः मुख्य वैमानिक म्हणून. कागदावर हे वर्षभरात सहज बसतं. प्रत्यक्षात कधी विमान शंभर तासांच्या तपासणीला गेलेलं असतं, कधी दृश्यता पाच किलोमीटरच्या खाली असते, कधी प्रशिक्षकच रजेवर. पंधरा दिवस उड्डाण चुकलं की हात विसरतात. मग पुढची सॉर्टी नवीन शिकण्यात जात नाही, जुनं आठवण्यात जाते. मीटर मात्र दोन्हीला सारखाच पडतो. ऊस विकून, नाहीतर घरावर कर्ज काढून आलेला पैसा असतो तो. वडील फोन करतात, "मॅडम, पोरगं एकटं कधी उडणार?" आणि पोरगं बाकावर बसून मोबाइल बघत असतं.

आमचा धंदा जन्मला तो याच बाकावर. हवेतला तास विकत घ्यावा लागतो, खुर्चीवरचा फुकट असतो. तपासण्यांचा क्रम, वेग, रेडिओवरची वाक्यं, इंजिन बंद पडलं तर पहिल्या दहा सेकंदांत काय करायचं, हे सगळं खुर्चीवर पाठ झालं तर हवेतला मेंदू फक्त विमान सांभाळायला मोकळा राहतो.

पहिल्याच बॅचला आमच्या हातून एक अक्षम्य चूक झाली. चारातला एक मुलगा हुशार. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, त्यांच्या पेपरांना पास व्हायला ७० टक्के लागतात, हा नव्वदच्या घरात मार्क काढायचा. सहा महिने शिकवलं, फी घेतली, आणि मेडिकलला गेला तर रंगांधळेपणा निघाला. ठिपक्यांच्या चित्रातले आकडे त्याला दिसेनात. त्याला आयुष्यात कधी कळलंच नव्हतं आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. फी परत केली, पण सहा महिने कुठून परत करणार? तेव्हापासून क्लास टूचं मेडिकल, म्हणजे वैमानिकाची सुरुवातीची वैद्यकीय तपासणी, झाल्याशिवाय आम्ही पावती फाडत नाही. या नियमापायी काही प्रवेश दुसरीकडे गेले. जाऊ देत.

मराठी शाळांतून आलेल्या मुलांना हवामानशास्त्र जड जात नाही, जड जातो तो रेडिओ. एक मुलगी नेव्हिगेशनची गणितं तोंडी सोडवायची, पण रेडिओवर विमानतळाच्या कंट्रोल टॉवरचा खरखरता आवाज ऐकला की गप्प. प्रश्न इंग्रजीचा नव्हता. समोरचा काय बोलणार हे आधी ठाऊक नसल्याचा होता. टॉवर बोलतो ती वाक्यं मोजकी, त्यांचा क्रमही ठरलेला. मग आम्ही गच्चीवर दोन टोकांना दोन मुलं उभी केली, एक टॉवर, एक विमान, आणि मध्ये मिक्सर चालू ठेवला. त्या काळी आरटीआरची, म्हणजे विमानातला रेडिओ वापरायच्या परवान्याची, परीक्षा दूरसंचार खात्याकडे असायची आणि तोंडी भागात भलेभले अडखळायचे. ती मुलगी पहिल्या खेपेत पास झाली. मिक्सर मात्र जळाला.

उन्हाळा हा आमचा आवडता धडा, कारण तो पुस्तकातून पटत नाही. समजा धावपट्टी दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून अठराशे फूट उंच. या उंचीवर प्रमाण तापमान साडेअकरा अंशांच्या आसपास धरतात. मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर. फरक तीस अंशांचा, आणि दर जादा अंशाला धावपट्टी साधारण १२० फूट आणखी उंच धरायची. म्हणजे विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी साडेपाच हजार फुटांवर आहे. महाबळेश्वरपेक्षाही उंच! हवा विरळ, इंजिनाला दम कमी, पंखांना उचल कमी, धाव लांबते. आत काचेखाली बसलेल्या दोघांचा घामाने चिखल. विद्यार्थी एक सॉर्टी करून सावलीत जातो, प्रशिक्षक त्याच सीटवर बसून पुढच्या मुलाची वाट बघतो. पाचव्या सॉर्टीला मुलाची चूक ताजी असते आणि आपला संयम शिळा. मुलं म्हणतात सर ओरडतात. ओरडू नये हे खरंच, पण मी त्या सीटवर बसलेली आहे.

पावसाळ्याचा धडा उलटा. बाहेर पंचवीस अंश असताना कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरू शकतो, हे कोणाला खरंच वाटत नाही. पेट्रोलची वाफ होताना हवा झपकन थंड होते, दमट हवेतलं पाणी गोठतं आणि इंजिन गुदमरतं. आता आम्ही हातावर स्पिरिटचा बोळा फिरवून दाखवतो. गार लागलं की मान डोलते.

२०१७ मध्ये कर्ज काढून एक जुना सिम्युलेटर घेतला. माझ्या हट्टाची खरेदी ती. त्यावरचे तास लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीत, धरता येत नाहीत, आणि हे जाहिरातीत आम्ही मोठ्या अक्षरांत लिहितो. निम्मे पालक तिथेच फोन ठेवतात. मार्च २०२० मध्ये सगळंच थांबलं. क्लास लॅपटॉपवर नेला, भाडं सहा महिने थकलं, दोन सहकारी गेले. पुढे नोकऱ्या खुल्या झाल्या तशी उलटी अडचण आली. शिकवणारी माणसं टिकेनात. तास साठले की तरुण प्रशिक्षक एअरलाइनकडे जातो, आणि जावंच. मी निरोपाला पेढे देते, आणि त्याच संध्याकाळी त्याचे विद्यार्थी वाटून घेते.

सध्या अकरा मुलं आहेत, चार मुली. सिम्युलेटरचं डावं पेडल सोमवारपासून अडकलंय, कारागीर गुरुवारी येतो म्हणालाय. तोवर खुर्च्या बाहेर काढल्या आहेत. भिंतीवरचं ताटही उतरवलंय. आज सकाळी त्यावरची धूळ पुसत एक मुलगी विचारत होती, "मॅम, लाटणं कुठेय?"