होंगडेची रात्र स्वस्त, परतीची महाग

सोलमध्ये मेट्रो रात्रभर चालते असं ज्याने आम्हाला सांगितलं, त्याच्याकडून टॅक्सीचे पैसे वसूल करणार आहे. मेट्रो बाराच्या आसपास बंद होते. पावणेएकला आम्ही चौघं होंगडे या क्लब-बारच्या भागातल्या स्टेशनवर, आणि शटर खाली!

पहिल्या टॅक्सीवाल्याने ‘डोंगदेमुन’ (आम्हाला परत जायचं होतं तो भाग) ऐकून नुसती मान हलवली. दुसऱ्याने फोनवर आकडा दाखवला, ५०,००० वॉन. दहाएक किलोमीटरला तीन हजार रुपयांच्या वर! मीटरकडे बोट दाखवलं तर काच वर. पुणे स्टेशनवर रिक्षावाल्यांशी हुज्जत घालण्यात हयात गेली, पण इथे भांडायला भाषाच नाही. शेवटी तिसऱ्याला ४०,००० दिले. शुद्ध गाढवपणा. साध्या टॅक्सीचं भाडं दिवसा ४,८०० पासून सुरू होतं, रात्री ११ ते २ चाळीस टक्के जादा धरून ६,७०० पासून. मीटरने निम्म्यात आलो असतो. मीटर टाकत नसेल तर बसूच नका. अडलात तर १३३० ही पर्यटकांची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, इंग्रजीत बोलतात. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं, अर्थात.

होंगडे मात्र फुकटात वसूल. रस्त्यावर पोरं गातात, नाचतात, बघत उभं राहायचं. क्लबला जाणार असाल तर पासपोर्ट न्या. फोनमधला फोटो आमच्या दारावरच्या माणसाने बघितलाही नाही. बिअरच्या ठिकाणी नुसती बिअर मागू नका, सोबत ‘आन्जू’, म्हणजे चखणा, घ्यायचीच पद्धत आहे. शाकाहाऱ्यांनी कॉर्न चीज मागावं नाहीतर जेवून जावं. टिप देऊ नका, कुणी मागत नाही. सगळ्यात पैसा वसूल म्हणजे नाणी टाकून गायचं नोरेबांग, म्हणजे कराओकेची खोली. हजार-दोन हजार वॉनमध्ये घसा बसला.

दिवसा राजवाडे पाहिले. छान आहेत.

शनिवारी पुन्हा होंगडे. या वेळी टी-मनी या बस-मेट्रोच्या कार्डात आधीच पैसे भरले (त्यासाठी रोख जवळ ठेवा) आणि एन-२६ ही रात्रीची बस धरली. माणशी २,५०० वॉन. थांब्यावर थंडीत पाऊण तास कुडकुडलो, आत उभं राहायला जेमतेम जागा, शेजारचा पोरगा माझ्या खांद्यावर झोपला. चौघांचे मिळून दहा हजार झाले.