आतेचा पन्नासावा वाढदिवस

सिंगापूरला आमच्याकडे राहून काम करणारी ताई फिलिपिन्सची, बटांगासची. तिकडे मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात म्हणून मुलं पण तिला आते म्हणतात, आणि पुण्याहून आलेल्या आईला वाटलं आत्याच म्हणतायत, तिला ते इतकं आवडलं की आता तीही आतेच म्हणते.

रविवारी आते पन्नास वर्षांची झाली. रविवार तिच्या सुट्टीचा. इथे 2023 पासून महिन्यातली एक तरी सुट्टी पैसे देऊनही बुडवता येत नाही, चांगलाच नियम आहे, म्हणून आधी तिलाच विचारलं की मैत्रिणींबरोबर बाहेर जायचंय का. म्हणाली, त्यांनाच इकडे बोलवू? आल्या सहाजणी, ऑर्चर्ड रोडच्या लकी प्लाझातून पान्सितचं सामान घेऊन. पान्सित म्हणजे त्यांच्या नूडल्स, वाढदिवसाला हव्याच, लांब नूडल म्हणजे लांब आयुष्य म्हणून तोडायच्या नाहीत. आतेने फक्त बसायचं, भांडी मी आणि नवऱ्याने घासली.

आईने पाट मांडून औक्षण केलं. व्हिडिओ कॉलवर आतेची मुलगी विचारत होती हा दिवा कशाला, तर आतेच तिला टागालोगमध्ये सांगायला लागली आणि सांगता सांगता रडायला लागली. बारा वर्षं या लेकीचे वाढदिवस तिने फोनवरच बघितलेत हो! आईने काही न बोलता तिला बेसनाचा लाडू भरवला आणि दुसरा फोनसमोर धरला, लेकीसाठी.