तोकामाचीची टेकडी: थंडीचं सोडा, पाणी सांभाळा

'बस थांब्यापासून चालत पंधरा मिनिटं' असं ज्याने कुणी लिहिलंय, त्याला एकदा फेब्रुवारीत सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून त्या रस्त्यावर सोडायला हवं. पाठीवर बोचकं, दुसऱ्या हातात घसरगाडी. आम्हाला पन्नास मिनिटं लागली. स्कीची ही टेकडी झकास आहे, मुलांना घेऊन जरूर जा. पण हे सगळं मी त्या दीड किलोमीटरसाठी लिहितोय.

टेकडीचं नाव देत नाही, पुढे कुरकुर आहे. जपानच्या निईगाता प्रांतात तोकामाची गावाच्या आजूबाजूला अशा लहान टेकड्या आहेत. दोन लिफ्ट, एक खानावळ, मुलांसाठी दोरी लावून वेगळा काढलेला उतार, आणि रविवारी गावातली पोरं. परदेशी म्हणाल तर त्या दिवशी फक्त आम्ही.

आम्ही टोकियोतल्या निशिकासाईचे. टोकियोहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, एचिगो-युझावा, तिथून होकुहोकु लाइनने तोकामाची. इथे पहिला फटका. ही लाइन जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची नाही, त्यामुळे देशभराचा जेआर पास तिच्यावर चालत नाही. मेहुणा पुण्याहून पास काढून आला होता. उतरताना त्याच्याकडून वेगळे पैसे घेतले. मग पास कशाला काढला, हे तो अजून विचारतोय.

आता तो रस्ता. इथे बर्फ इतका पडतो की नुसता उपसून भागत नाही. म्हणून रस्त्याच्या मधोमध पितळी तोंडांची रांग बसवलेली असते आणि त्यातून जमिनीखालचं पाणी सतत उडत राहतं. हे पाणी हिवाळ्यातही बऱ्यापैकी कोमट असतं, त्याने बर्फ वितळतो. याच प्रांतातल्या नागाओकाची ही युक्ती, 1961ची. पाण्यात लोह असतं, त्यामुळे डांबर तांबडं पडलेलं. लांबून मला वाटलं, कोकणातला रस्ता लागला. गाड्यांसाठी व्यवस्था उत्तम, चालणाऱ्यासाठी शिक्षा. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फाच्या भिंती, पदपथ त्यांच्या खाली गाडलेला, म्हणजे चालायचं ते त्या पाण्यातूनच. कारंजी घोट्यावर उडतात. गाडी आली की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि गुडघ्यापर्यंत शिंतोडे घ्यायचे. चालवणारा बिचारा वेग कमी करून मान झुकवतो, पण पाणी मान झुकवून थांबत नाही. तिसऱ्या वळणावर लेकीच्या बुटात पाणी गेलं आणि तिने तिथेच बसकण मारली. मेहुण्याच्या स्पोर्ट्स शूजचं तर विचारूच नका.

तेव्हा स्टेशनवरून थेट टॅक्सी करा आणि परतीची वेळ त्याच ड्रायव्हरला सांगून ठेवा. चालायचंच असेल तर गावातल्या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातून आधी गमबूट घ्या. इथे शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत सगळे तेच घालतात. महागडे ट्रेकिंग बूट इथे कुचकामी. स्वतः गाडी चालवणार असाल तर बर्फावर चालणारे स्टडलेस टायर आधीच मागून घ्या; टोकियोत भाड्याच्या गाडीला ते आपोआप मिळतील असं धरून चालू नका.

टॅक्सीचे साडेतीन हजार येन वाचवल्याचं समाधान मला वीस मिनिटं मिळालं. भाड्याच्या काउंटरवर स्की, बूट, काठ्या, जाकीट, पँट सगळं होतं, पण हातमोजे, टोपी, गॉगल भाड्याने नाहीत, विकतच घ्यायचे. मुलीला आजीने विणलेले लोकरीचे हातमोजे होते. इथला बर्फ जड आणि ओला: सैबेरियाचा वारा जपानच्या समुद्रावरून वाफ उचलतो आणि या डोंगरांना अडून ती खाली टाकतो. लोकर पंधरा मिनिटांत चिंब झाली. तीन जोड्या घ्याव्या लागल्या, टॅक्सीपेक्षा जास्त पैसे गेले. तशाच जोड्या आमच्या घराजवळ निम्म्या किमतीत मिळतात. ही लूट आहे, आणि ती आधी टाळता येते. बुटांचं माप सेंटिमीटरमध्ये सांगायचं असतं, तेव्हा पावलं घरीच मोजून जा.

खानावळीचं कूपन मशीनमधून. मशीन जुनं, 2024मध्ये आलेल्या नव्या नोटा थुंकून टाकतं. नाणी न्या. शाकाहाऱ्यांनी डबाच न्यावा. सोबा नूडल्सच्या रश्श्यातही मासा असतो. आम्ही विश्रांतीच्या खोलीत तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या, कुणी हटकलं नाही.

वरच्या उतारावर जाणारी लिफ्ट एकेरी निघाली. एक खुर्ची, पाठीशी दांडा, पुढे अडसर नाही. लहान मूल मांडीवर घेता येत नाही आणि एकटं बसवायची हिंमत होत नाही. तिकीट घेण्याआधी विचारा. आम्ही दिवसभराचं घेऊन खालच्याच उतारावर राहिलो.

पण तो खालचा उतार! सत्तरीतले शिक्षक आले, मुलीच्या काठ्या काढून घेतल्या आणि हातमोजाने बर्फात जपानी 'हा' काढला: दोन रेघा, वर जवळ, खाली फाकलेल्या. स्की अशा ठेवायच्या, संपलं. उलट 1911मध्ये याच प्रांतात, ताकादाला, ऑस्ट्रियाच्या मेजर लेर्ख यांनी सैनिकांना स्की शिकवलं ते एकाच लांब काठीवर. पाऊण तासात कार्टी 'हा, हा' ओरडत सुसाट खाली. मी तोवर सपाटीवर तीनदा पडलो होतो. एवढ्यासाठी तो रस्ता पुन्हा चालेन. नाही, टॅक्सीने जाईन.

दुसरा दिवस घसरगाडी आणि गरम पाण्याचे झरे, मजेत गेला.

मुक्कामाच्या सरायीतल्या आजींनी काही न बोलता आमचे बूट उचलले, आत वर्तमानपत्रं कोंबली आणि रात्रीतून दोनदा बदलली. आमचे वाळले. मेहुण्याचे काही वाळेनात, तेव्हा त्याला यजमानांचे जुने गमबूट मिळाले. तो ते घालून शिंकानसेनमध्ये बसला. सध्या ते आमच्या गॅलरीत आहेत, शनिवारी कुरियरने परत पाठवायचेत, सोबत चिवड्याचं पाकीट.