स्टेंटनंतर अकरावा आठवडा: तोफ घरी, कवडीपाटला पहिली चक्कर

ऑक्टोबरात अँजिओप्लास्टी झाली, एलएडीमध्ये (हृदयाची पुढची मोठी रक्तवाहिनी) एक स्टेंट. पाहुणे पक्षी यायची वेळ आणि आपण पलंगावर, टायमिंग बघा! मधे बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून अपडेट टाकतोय.

तार घातली उजव्या मनगटातून, म्हणजे नेमका शटरचा हात. पट्टा काढल्यावर एवढुसा ठिपका होता, पण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू त्यामुळे चार दिवसांत कोपरापर्यंत जांभळं, मग हिरवट, मग हळदीसारखं पिवळं. मी रोज त्याचा मोबाईलवर फोटो काढायचो, तेवढीच फोटोग्राफी. डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला कॅमेरा कधी, ते म्हणाले वजन किती? डी500 कॅमेरा आणि 200-500 ची झूम लेन्स मिळून तीन किलोच्या वर जातं हे सांगताना माझाच आवाज बारीक झाला. शेजारून बायको म्हणाली, "अहो, ती तोफ विकून टाका आता."

विकली नाही. पण तिसऱ्या आठवड्यात एका मित्राची 300 पीएफ ही हलकी लेन्स उसनी आणली, 755 ग्रॅम फक्त, आणि बाल्कनीत खुर्ची टाकून बसलो. समोर शेवग्यावर शिंजीर, खाली वायरवर कोतवाल, एक दयाळ रोज सव्वासातला कुंडीतल्या ओल्या मातीत. सगळे "कॉमन" म्हणून इतकी वर्षं ढुंकून न बघितलेले. कोतवालाचा काळा रंग नीट एक्स्पोज करायला मला आठ दिवस लागले, एक्स्पोजर प्लस एकवर नेलं, म्हणजे फोटो एक पायरी उजळ केला, तेव्हा कुठे पिसांची निळसर चमक आली आणि डोळा दिसला.

मधे एक घोळ झाला. बसल्या बसल्या दम लागल्यासारखं व्हायचं, दीर्घ श्वास घ्यावासा वाटायचा, मला वाटलं स्टेंट बंद पडला, रात्री दीडला हॉस्पिटल. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल. रक्त पातळ करायच्या टिकाग्रेलोर नावाच्या गोळीने काहींना असं होतं म्हणे, डॉक्टरांनी बदलून क्लोपिडोग्रेल दिली आणि आठवड्यात थांबलं. (गोळी आपल्या मनाने बंद करू नका रे कोणी, स्टेंटमध्ये गुठळी होते.)

आता गंमत. नाडी संथ करणारी मेटोप्रोलॉल ही गोळी चालू आहे, नाडी 58, आणि हात इतका स्थिर कधीच नव्हता! 300 ची लेन्स हातात धरून 1/80 सेकंदाच्या शटरवर दयाळ शार्प. व्हीआरचं (लेन्समधली हादरे कमी करायची सोय) श्रेय किती आणि गोळीचं किती देव जाणे, पण नेमबाजीच्या स्पर्धांत ह्या जातीच्या गोळ्यांवर बंदी आहे ते उगाच नाही.

मग परवा, जानेवारीतला पहिला रविवार, कवडीपाट, पुण्याजवळचा मुळा-मुठेवरचा बंधारा. गाडी मुलाने चालवली, लेन्स टेकवायची बीनबॅग त्याने उचलली (आत ज्वारी भरलीय, मागच्या वर्षी भिजून आंबली होती, ह्यावेळी आधी प्लॅस्टिकची पिशवी). मी फक्त कॅमेरा. पूर्वी मी चक्रवाकांच्या मागे बंधाऱ्यावरून या टोकाला त्या टोकाला पळायचो, आता एका दगडाशी बसलो आणि दीड तास हललो नाही. थंडी होती, डॉक्टरांनी सांगितलेलं म्हणून मफलर, कानटोपी, अगदी आजोबा. मुळा-मुठेचा फेस नेहमीसारखाच, वासही. त्या फेसात शेकाटे पक्षी लाल काटकुळे पाय टाकत फिरत होते. फेस पांढरा म्हणून कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि फोटो काळवंडतो, +0.7 दिलं तर शेकाट्याचं पोट जळतं, शेवटी मॅन्युअलवर पोटाचा रंग धरून सेटिंग लावलं, 1/1600, एफ5.6, आयएसओ 640. उठून उभं राहिलो तर जरा गरगरलं, परत बसलो, पाणी प्यायलो, मुलाला सांगितलं नाही. आता इथे वाचेल.

212 फ्रेम, ठेवल्या 9. एकात शेकाट्याने पाय उचललाय आणि अंगठ्याएवढा फेसाचा गोळा त्याला चिकटून आलाय, तो सगळ्यात आवडला. धोबी पक्ष्याचा एक पूर्ण आउट ऑफ फोकस आहे, तोही ठेवलाय.

पुढच्या महिन्यात भिगवण, होडीतून, चढउतार नाही म्हणून डॉक्टरांनी हो म्हटलंय. 300 पीएफ मित्राला परत द्यायचीय, कोणी सेकंडहँड विकत असेल तर सांगा. तोफेच्या बदल्यात चालेल.